तुझ्या गाडीतलं कासव

प्रिय रव्या,

त्या कासवाचं मला कोण सांगणार होतं? गाडीचं एवढं जाडजूड पुस्तक कपाटात ठेवून गेलास, ते सगळं इंग्रजीत. मी शिकले चौथीपर्यंत, ते पण अर्धे दिवस मिठागरावर आणि अर्धे शाळेत. तुला माहीत नव्हतं का? मग निदान एवढं तरी सांगायचं होतंस, की ताय, एक दिवस पडद्यावर पिवळं कासव येईल, ते आलं की गाडी पाय ओढायला लागेल. नाही सांगितलंस. गाडीला कुणाला हातच लावू दिला नाहीस. "तू लांब हो ताय, तुझ्या हाताला सुकटीचा वास येतो." एवढंच काय ते मला गाडीचं शिक्षण दिलंस आणि निघून गेलास.

परवा कर्नाळ्याच्या चढावर आलं ते कासव. आईला डायलिसिसला घेऊन चालले होते. आई बाजूला, तिची उशी मांडीवर. चढ अर्धा झाला आणि गाडी मंदावली. मी पाय दाबतेय, ती ऐकत नाही. माझी स्कुटी बंद पडायची तर आधी खोकायची, फटफटायची, माणसाला कळायचं. ही विजेची, मुकी. धूर नाही, आवाज नाही, नुसती बसत चालली. मागून ट्रेलरवाल्यानं भोंगा दाबून धरलेला.

आई म्हणाली, "का गो इंदे, थांबलीस का?"

म्हटलं, "थांबले नाय. चाललेय."

"मग ती माकडं आपल्या पुढं कशी गेली?"

आईला हसू येत होतं आणि माझ्या हाताला घाम सुटला होता. डायलिसिसचा एक वार चुकला तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. पाय सुजतात, मग तोंड, मग आडवं झोपता येत नाही, श्वास लागतो. आणि मी तिला माकडांच्या मधोमध घेऊन बसले होते. कशीबशी खिंड ओलांडली. उतार लागला तसा पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा थोडा वर चढला, गाडीला जरा धीर आला, आम्ही पोचलो. आईला खाटेवर झोपवलं आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले.

मग गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. आज सकाळी त्यांचा फोन आला. शुक्रवारी उत्तर पाहिजे म्हणतात. आणि गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध. म्हणून हे पत्र लिहायला बसले. एरवी तुला पत्र लिहिण्याएवढा वेळ कुणाला आहे? बोंबील उन्हात पडलेत आणि पाऊस तोंडावर आलाय.

काय झालंय ते आधी ऐक. सर्व्हिसवाल्या साहेबांनी गाडीला वायरी लावून बघितलं. ते म्हणाले, मोठ्या बॅटरीत लहान लहान बॅटऱ्यांचे जुडगे असतात, त्यातला एक जुडगा कमजोर झालाय. मी म्हटलं, बाकीचे चांगले आहेत ना, मग ते ओढतील की. तर म्हणे तसं नसतं. एक दमला की सगळ्यांना थांबावं लागतं. मला तेव्हा आपली लग्नातली पंगत आठवली. एकजण पानावरून उठला की पुढं वाढपी येत नाही, मग बाकीच्यांची भूक असो नसो. तसंच आहे हे. एका उठलेल्या पाहुण्यापायी आईची पंगत मोडतेय.

आता दोन वाटा आहेत. एक, बॅटरी उघडायची आणि तो जुडगा बदलायचा. तो बाहेरून मागवावा लागणार, कधी येईल ते सांगता येत नाही, तोवर गाडी त्यांच्याकडे आणि आई रिक्षात. दुसरी, ही त्यांना देऊन टाकायची आणि पेट्रोलची घ्यायची. ती लगेच मिळते म्हणे.

दामूकाका काय म्हणाले असतील ते तुला सांगायला नकोच. "इंदे, सोडून दे ती खेळण्यातली गाडी. पेट्रोलची घे. बिघडली तर नाक्यावरचा कुणीबी ठोकून देतो. हिला हात लावायला मानूस रबराचे मोजे घालून येतो, ही काय गाडी झाली?"

तुझ्या वनिताला विचारलं. ती चहा गाळत होती, मान वर न करता म्हणाली, "ताई, तुमीच ठरवा. मी त्या गाडीत बसले की ह्यांचा वास येतो."

म्हटलं, "त्यानं तर गाडीला कसलाच वास राहू दिला नव्हता."

"तोच," म्हणाली.

तुझी बायको बेलपाड्याची, कमी बोलते, पण बोलली की माणूस गप्प बसतो. सगळं माझ्यावर टाकलंय तिनं. आणि मी कुणावर टाकू? काकांना हो म्हणून मोकळी झाले असते, कधीच. मला काय त्या मुक्या गाडीचं प्रेम आहे? पण तो कावळा आडवा येतो.

दहाव्याचा दिवस तू वरून बघत होतास की नाही, मला माहीत नाही. नदीवर पिंड ठेवला होता. वनितानं हात जोडून सांगितलं, आईंना अंतर देणार नाही. कावळे झाडावर बसलेले, एक हलला नाही. काका म्हणाले, "रवी, तुझ्या सानिकाचं शिक्षण आमी बघू, काळजी करू नको." नाही आलास. आईनं घरून निरोप पाठवला होता, की मी बरी हाय, बाळा, तू सुखानं जा. तोही सांगितला. नाही आलास. मग काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"इंदे, तू जरा त्या झाडामागं हो बघू."

"का?"

"अगं, रोज सुकटीवरनं त्यांना काठी घेऊन हाकलतेस. तुला बघून येत नाय ते."

सगळे हसले. तुझ्या दहाव्याला हसले, रव्या, आणि मला राग नाही आला, कारण खरं होतं ते. जन्मभर कावळे हाकलले मी. गेले झाडामागं. तिथं उभी राहून माझ्या पायाला मुंग्या चावताहेत, ऊन चढतंय, लोक उपाशी, भटजी घड्याळ बघताहेत. मग ते म्हणायला लागले की दर्भाचा कावळा करू. गवताचा. ते मात्र माझ्या डोक्यात गेलं. माझ्या भावाला काय गवताचा कावळा शिवणार? झाडामागूनच ओरडले, "अरे, ये की आता. तुझी गाडी मी बघीन. झालं?"

आणि आलास.

शब्द तोंडातून पडतोय न पडतोय तोच कावळा खाली. पिंडाला चोच लावली, घास उचलला, गेला. काकांनी मोठा श्वास सोडला, म्हणाले, "पोराचा जीव गाडीत अडकला होता." लोक उठले, आंघोळी केल्या, जेवायला बसले. मी पान तसंच पुढं सारलं. आईसाठी नाही आलास, बायकोसाठी नाही आलास, पोटच्या पोरीसाठी नाही. गाडीसाठी आलास? मला लोकांसमोर शरम वाटली तुझी. हे मी कुणाला बोलले नाही, तुला आज सांगते.

पण वचन ते वचन. मी कावळ्याला शब्द दिला होता. त्या वेळी मला गाडीचं दार कुठून उघडतं तेसुद्धा माहीत नव्हतं.

मग पाऊस आला आणि मी तुझी गाडी झाकली. हो, झाकली. आईनंच सांगितलं, "झाकून ठेव, मिठासारखी." आपल्या घरात दुसरं काय झाकायला शिकलोय आपण? पाऊस यायच्या आधी मिठाची रास कशी झाकायचो, आठवतं? अण्णा वरून पेंढा टाकायचे, आपण दोघं कडेनं दगड ठेवायचो. एक थेंब आत जात नसे. तशीच झाकली. चाकांभोवती पेंढा, टपावर पेंढा, वरून ताडपत्री, चारही बाजूंनी दोरी. काका बघून म्हणाले, "झ्याक. आता तिला काय बी व्हायचं नाय." आख्ख्या पावसाळ्यात मी रोज येता-जाता त्या ढिगाकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं. आई रिक्षातून हेलपाटत जायची, येताना पिशवीत ओकायची, वनिता तिची पाठ चोळायची. आणि तुझी गाडी कोरडी. मी म्हणायचे, रव्याला दिलेला शब्द तरी पाळतेय.

नवरात्र संपल्यावर उघडली. किल्ली दाबली, काही नाही. पुन्हा दाबली, काही नाही. दार उघडेना. मला वाटलं मेली. तुझ्यासारखीच, न सांगता.

सर्व्हिसवाले मोठी गाडी घेऊन आले. तिला ओढत न्यायची नसते म्हणे, चाकं फिरली तर आतली मोटर बिघडते. तिला पाठीवर घेतलं, चारही चाकं वर. आख्खा गाव बघायला उभा. माझ्या डोळ्यासमोर तुला नेलं ते आलं. मी दुसरीकडे तोंड केलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये काचेचं ऑफिस, गार हवा, टेबलामागं ते साहेब. चांगला माणूस, पण किती प्रश्न.

"मॅडम, ओनर स्वतः आलेत का?"

"नाय."

"आउट ऑफ स्टेशन आहेत?"

"हो. लांब गेलेत."

"मग त्यांच्या नंबरवर ओटीपी गेला असेल, तो विचारता का प्लीज?"

मी कमरेची पिशवी काढली. त्यातून तुझा फोन काढला आणि नंबर वाचून दाखवला. त्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, फोनवरच्या तुझ्या आणि सानिकाच्या फोटोकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सॉरी, मॅडम." पाणी मागवलं माझ्यासाठी. तुझा फोन मी बंद केलेला नाही, रव्या. गाडीचे सगळे निरोप त्याच्यावर येतात. टायरची हवा बघा, सर्व्हिसची वेळ झाली, शुभ प्रभात रवींद्र. सकाळी गाडीला चार्जिंग लावते, तुझ्या फोनला लावते. तुला सोडून घरातलं सगळं मी चार्ज करते.

मग त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत पेंढा, चाकांजवळून ओढून नेलेला. पेंढ्यात उंदरांचं घर, पिल्लांसकट.

"मॅडम, हे कुणी घातलं?"

"मी."

"का पण?"

"आमच्यात असंच झाकतात."

"गाडी?"

"मीठ."

साहेबांनी पेंढ्याची एक काडी उचलून बघितली. मग म्हणाले, "मॅडम, मीठ उंदीर खात नाही."

आता हे मला कळायला नको होतं का? पेंढ्यात भाताचे दाणे राहतात, दाण्याला उंदीर येतो, उंदराला वायर दिसते. मिठाच्या राशीत तो काय कुरतडणार होता? नशीब, बारीक वायरीच खाल्ल्या. ती जाड नारिंगी वायर असते तिला तोंड लावलं नव्हतं. तिच्याकडे बोट दाखवून साहेब म्हणाले, हिला तुम्ही कुणीही कधी हात लावायचा नाही, आमचा एकच माणूस लावतो. आणि दार का उघडत नव्हतं, तर या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चाकं फिरवते. एक लहान, दार, दिवे, पडदा बघते. लहान मेली की मोठीत कितीही जीव असो, गाडी उठत नाही. उभी ठेवली की लहान आधी मरते. म्हणून अधूनमधून तिला चालू करायची असते, फिरवायची असते. हे तुला माहीत होतं. रविवारी उगाच नाक्यापर्यंत जाऊन यायचास, मी म्हणायचे मोठेपणा मिरवतोय.

ब्रेकची चकती गंजली होती. ती घासून घेतली. लहान बॅटरी नवी बसवली, वायरी बदलल्या. मी तिथंच उभी राहिले, हलले नाही. "मॅडम, लाउंजमध्ये टीव्ही आहे." म्हटलं, टीव्ही घरी आहे.

मग मी गाडी शिकले. या वयात. पनवेलला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायचे, बाजार आटपून, पाटी स्कुटीला बांधून. शिकवणारे मास्तर नाकाला रुमाल लावायचे. मी म्हटलं, "मास्तर, तुमी नाक बघा, मी रस्ता बघते." लायसन मिळालं. तुझ्या गाडीला तर गिअर पण नाही, स्कुटीच ती, चार चाकांची. मी उगाच घाबरत होते. तू उगाच घाबरवून ठेवलं होतंस.

पहिल्या दिवशी आईला बसवलं तेव्हा तिनं दाराला हात लावला आणि तशीच बसून राहिली. येताना ती ओकली नाही. डायलिसिस झालं की एरवी तिला कसलाही वास सोसत नाही, डिझेलचा तर नाहीच. खिंडीत काच खाली केली, झाडाची हवा आली, ती झोपून गेली. घरापर्यंत झोपली. तेव्हा मला कळलं, तुला माझ्या सुकटीचा एवढा राग का होता ते. मी तेव्हापासून बाजाराचे कपडे घालून गाडीत बसत नाही. मोऱ्याच्या बंदरावर माल आणायला स्कुटीनंच जाते. तू म्हणायचास ना, खाऱ्या वाऱ्यानं गाडी खालून गंजते. ऐकते हं मी. आता ऐकते.

पण जीव सुखात नाही, रव्या. गाडी सांभाळणं म्हणजे धुणं-पुसणं असतं तर मी काय कमी पडले असते? ही दिसत नाही ती दुखणी काढते. टायरची हवा कमी झाली तर आकडा भराभर उतरतो. उन्हात आईला गार हवा लावली तर उतरतो. चढावर उतरतो. मी रस्ता कमी बघते, आकडा जास्त बघते. आईशी धड बोलत नाही. ती म्हणते, "ह्या पडद्यात तुझं काय ठेवलंय गो?" काय सांगू, की तुझा श्वास ठेवलाय?

आणि एक गोष्ट सकाळपासून पोटात आहे. साहेबांना फोनवर विचारलं, "साहेब, ती पावसाळाभर उभी राहिली म्हणून तो जुडगा गेला का? माझ्यामुळं?"

ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही, मॅडम. तसाही गेला असता कदाचित."

कदाचित. या शब्दाला काय करू मी? तुला कळत असेल तर तू सांग. मी केलं का हे?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते लिहिते. या उन्हाळ्यात एका सकाळी चार्जिंग लावलं तर पेटीवर लाल दिवा. काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा लाल. आईचा डायलिसिसचा वार. माझं डोकं फिरलं, मी पेटीला शिव्या घालतेय. आई ओट्यावर बसलेली. ती म्हणाली, "खड्डा सुकला असंल. पानी घाल."

"कसला खड्डा?"

"तुळशीमागचा. रवीचा."

मला वाटलं तिचं डोकं काम करत नाही. पण तिनं हात धरून उठवायला लावलं, तुळशीमागं नेलं. सिमेंटचं लहान झाकण होतं, मी त्याच्यावर इतके महिने केरसुणी ठेवत होते. आईनं सांगितलं, गाडी यायच्या आधी तू इथं खोल खड्डा खणलास. त्यात पत्रा पुरलास, वायर जोडलीस, कोळसा घातलास आणि मीठ. वीज उलटली तर ती मातीत जावी म्हणून. मीठ आणि ओल असली तरच माती वीज ओढते, सुकली की ती पेटी गाडीला वीज देतच नाही.

"मीठ कुठलं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "आपलं. शेवटच्या राशीचं."

ते पोतं, रव्या. अण्णांनी मिठागर गेलं तेव्हा आणून ठेवलेलं, आईच्या खाटेखालचं. मला लोणच्यालासुद्धा त्यातलं चिमूटभर दिलं नव्हतं तिनं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं त्या आठवड्यात तू खड्डा खणत होतास, आणि आईनंच तुला बोलावून सांगितलं, "मला आता खायचं नाय. त्यात घाल. माझ्याच गाडीला लागंल."

माझ्याच गाडीला. ती असं म्हणाली होती. आणि तू मला कधी बोलला नाहीस.

पाणी घातलं. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. तेव्हापासून आई रोज सकाळी तांब्या घेऊन तिथं जाते. तिला स्वतःला दिवसाला एक बाटली पाणी, त्यात औषधाचंही आलं, घोट मोजून पिते. आणि खड्ड्यावर तांब्याभर ओतते. मी एकदा रागावले, की तू कशाला वाकतेस, मी घालीन. तर म्हणते, "मला पिऊ देत नाय. त्याला तरी पाजू दे."

त्या दिवशी मी बाजारात बसले होते आणि एकदम माझ्या मनात आलं, की दहाव्याला तू गाडीसाठी आलाच नसशील. सगळे आईचं बघू, आईचं बघू म्हणत होते, पण कशी नेणार, कशातून नेणार, हे कुणीच बोललं नव्हतं. ते माझ्या तोंडून गेलं, चिडून गेलं, पण गेलं. तेवढंच ऐकायला तू थांबला होतास का? तसं असेल तर मी वर्षभर तुझ्यावर उगाच जळले. आणि तसं नसेल, तुझा जीव खरंच त्या पत्र्यात असेल, तर मला ती देऊन टाकायचा धीर होणार नाही.

म्हणून विचारते. मला ठरवता येत नाही. देऊन टाकली तर शब्द मोडतो का? ठेवली तर तो जुडगा कधी येणार, आणि नवा बसवल्यावर दुसरा दमणार नाही कशावरून? पेट्रोलची घेतली तर आई वास सोसेल का? काका म्हणतात मेलेल्या माणसाला गाडीचं काय विचारतेस. मी म्हटलं, मग कागद अजून त्याच्या नावावर का आहेत, ओटीपी त्याच्या फोनवर का येतो? सगळी दुनिया त्यालाच विचारतेय, मीच तेवढं विचारायचं नाही?

एक वचन देते, आणि या वेळी नीट विचार करून देते, झाडामागून ओरडून नाही. गाडी राहो न राहो, आईचा एकही वार चुकणार नाही. हिच्यातून नेईन, पेट्रोलच्यातून नेईन, रिक्षात मांडीवर घेऊन नेईन. गाडी गेली तरी तो खड्डा बुजवणार नाही, आणि आईचा तांब्या हातातून घेणार नाही. आणि या पावसाळ्यात, गाडी असलीच, तर पेंढा घालणार नाही.

आता उत्तराचं. गुरुवारी तुझं पान वाढणार. एक पान कौलावर, नेहमीसारखं. दुसरं तुळशीमागं, त्या झाकणावर. भात, वरण, तुझी आवडती वांग्याची भाजी. सुकट ठेवणार नाही, सुकटीला कुठलाही कावळा येतो, मला तूच पाहिजेस. कौलावर बसलास तर जेवायला आलास असं समजेन, पोटभर जेव, आणि शुक्रवारी मी गाडी देऊन टाकीन. झाकणावर बसलास तर बॅटरी उघडायला सांगेन, मग किती का दिवस लागेनात. मला बघून येत नाहीस म्हणतात, तर मी दार लावून आत बसेन. आई ओट्यावर बसून बघेल. गुरुवारी तिचा वार नसतो, आणि ती खोटं सांगत नाही.

पण मला टांगून ठेवू नकोस, त्या दिवशीसारखं. ऊन डोक्यावर यायच्या आधी ये. शुक्रवारी सकाळी सर्व्हिसवाल्यांचा फोन वाजेल, तोही तुझ्याच नंबरवर, आणि उचलायचा मला आहे. गुरुवारी दुपारच्या आत उत्तर पाहिजे, रव्या. कौल की झाकण, एवढंच सांग.

तुझी,
इंदूताय